जुन्या वॅगन-आरसाठी डेक आणि स्पीकर: २५,००० रुपयांत काय घ्यावे?

दारव्हा_मार्ग (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल वॅगन-आर आहे. गाडी वापरलेली घेतली असून ती खालच्या व्हेरिएंटची असल्यामुळे तिच्यात कंपनीचा स्टिरिओ नाही. डॅशबोर्डवर त्या जागी प्लास्टिकचा कप्पा आहे आणि पुढच्या दारांत जाळीमागे स्पीकरची जागा रिकामी आहे. यवतमाळला चौकशी केली तेव्हा दोन दुकानदारांनी अगदी उलट सल्ले दिले. पहिला म्हणतो की ९ इंची अँड्रॉइड डेक घ्या, दारांत साधे स्पीकर बसवा आणि मागच्या ट्रेवर '५०० वॅट'चे ६×९ इंची अंडाकृती स्पीकर ठेवा. फिटिंगसह २२,००० रुपये. दुसरा तेवढ्याच पैशांत नामांकित कंपनीचा ७ इंची डेक आणि पुढच्या दारांत फक्त एक जोडी देतो. मागे काहीच बसवू नका, असे त्याचे म्हणणे आहे.

आमच्या गरजा साध्या आहेत. वडिलांना आकाशवाणी नागपूरचे कार्यक्रम आणि पेन ड्राइव्हवरची खंजिरी भजने ऐकायची असतात, मुलगी फोनवरची गाणी लावते आणि मला रस्त्यात फोन सुरक्षितपणे घेता आला पाहिजे. काचा थरथरतील असा बेस कुणालाच नको. ५०० वॅट सोडून ५० वॅटचे स्पीकर घेणे मात्र मनाला पटत नाही. कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोडणी (वर्धा) यांचे उत्तर

भाऊ, दोन्ही प्रस्तावांची तुलना करण्याआधी वॅटच्या आकड्यांचा निकाल लावला पाहिजे, कारण गोंधळ तिथूनच सुरू झालेला दिसतो.

डेकच्या खोक्यावर '४ × ५०' (चार चॅनेल, म्हणजे चार स्पीकरच्या जोडण्या, प्रत्येकी ५० वॅट) असे जे छापलेले असते ते सरळ खोटे नसते, पण उपयोगाचेही नसते. इंजिन चालू असताना गाडीतला दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागला की सुमारे ५२ येतात, आणि छापील ५० चा उगम हा आहे. मात्र एवढी शक्ती मिळते ती आवाज पूर्ण फाटून लहर चौकोनी झाल्यावर. स्वच्छ आवाजासाठी हिशेब निम्म्यावर येतो, आणि त्यातून चिपमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारा भाग वजा केला की दर चॅनेलला १८ ते २० वॅट हाती उरतात. ही खरी, सतत मिळणारी शक्ती, म्हणजे आरएमएस. वेगळा अँप्लिफायर न लावता चालणारा डेक ८,००० रुपयांचा असो वा १८,००० रुपयांचा, त्याची धाव साधारण एवढीच असते, कारण बॅटरी सर्वांना सारखीच आहे. शंका वाटल्यास डेकच्या मागचा फ्यूज पाहावा. तो १० अँपिअरचा असेल, तर सबंध डेकला १४.४ व्होल्टवर सतत १४४ वॅटपेक्षा जास्त ओढताच येणार नाही. मग चार चॅनेलचे मिळून २०० वॅट बाहेर पडतील कुठून? ज्या डेकच्या माहितीपत्रकात सीटीए-२००६ या मानकाचा उल्लेख असतो, त्याचे आकडे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजात जास्तीत जास्त १ टक्का विकृती (बिघाड) या अटींवर मोजलेले असतात, त्यामुळे त्यांवर विश्वास ठेवता येतो.

स्पीकरवरच्या '५०० वॅट'चा अर्थ तर आणखी वेगळा आहे. तो स्पीकर ५०० वॅटचा आवाज देईल असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. क्षणभर तेवढी शक्ती आली तरी तो जळणार नाही, एवढाच कंपनीचा दावा असतो. तुमचा डेक देणार २० वॅट. तेव्हा पाहायचा आकडा म्हणजे संवेदनशीलता, जी डेसिबलमध्ये दिलेली असते. एका वॅटला एका मीटरवर किती आवाज मिळतो, हे ती सांगते. ३ डेसिबलचा फरक हा दुप्पट शक्तीइतका असतो, त्यामुळे ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढा वाजायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. म्हणून अँप्लिफायर घ्यायचा नसेल, तर आरएमएस क्षमता ४० ते ६० वॅट आणि संवेदनशीलता ९० डेसिबल किंवा अधिक, अशी जोडी शोधावी. छापील वॅट कितीही असले तरी तिकडे दुर्लक्ष करावे.

जोडी कोअॅक्शियल घ्यावी की कॉम्पोनंट, हा पुढचा मुद्दा. कोअॅक्शियलमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, मोठ्या कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यावरच बसवलेला असतो. फिटिंग सोपे असते आणि पैसेही कमी लागतात. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असून तो आरशाजवळच्या त्रिकोणी जागेत किंवा डॅशबोर्डवर बसवता येतो, आणि खालच्या-वरच्या स्वरांची दोन स्पीकरांत वाटणी क्रॉसओव्हर नावाचा भाग करतो. तुमच्याकडे खंजिरी भजने ऐकली जातात, म्हणून हा फरक महत्त्वाचा ठरतो. खंजिरीच्या झांजांचा नाद अगदी वरच्या पट्टीतला असतो आणि असा नाद सरळ रेषेत जातो. दाराच्या खालच्या भागातून तो गुडघ्यांवर आणि सीटच्या कापडावर आदळून निम्मा हरवतो. ट्वीटर कानाच्या उंचीला आला की तोच झणत्कार आणि गायकाचे शब्द समोरून, स्पष्ट येतात. म्हणून माझे मत दुसऱ्या दुकानदाराच्या बाजूने आहे. पुढे चांगली कॉम्पोनंट जोडी बसवा आणि मागचे तूर्त राहू द्या.

ट्रेवरच्या ६×९ स्पीकरला माझा विरोध केवळ आवाजापुरता नाही. वॅगन-आरचा ट्रे हलका असल्यामुळे तो स्वतःच खडखडतो. डिकीच्या काचेतून येणारे ऊन थेट कोनवर पडते. आणि स्पीकरची जड पेटी ट्रेवर नुसती ठेवलेली असेल, तर जोरात ब्रेक लागल्यावर ती मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येऊ शकते.

काळी_माती (हिंगणघाट) यांचे उत्तर

वरील विवेचनातील वॅटचा भाग मला पूर्ण मान्य आहे. मागे काहीच नको, हे मात्र सरसकट मान्य नाही. वॅगन-आरमध्ये घरातली वडीलधारी मंडळी बहुधा मागच्या सीटवर बसतात. खराब रस्त्यावर टायरचा आवाज वाढला की पुढच्या दारांतले निवेदन मागे नीट पोहोचत नाही, मग मागचे आवाज वाढवायला सांगतात आणि पुढच्याचे कान किटतात. त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी आधी हे सांगावे की वडील कुठे बसतात. मागे बसत असतील, तर मागच्या दारांत जागा आहे का ते पाहून एक साधी कोअॅक्शियल जोडी बसवावी आणि फेडरने, म्हणजे डेकमधल्या पुढे-मागे आवाज वाटण्याच्या सेटिंगने, तिचा आवाज पुढच्यापेक्षा कमी ठेवावा.

स्क्रीनविषयीही थोडे लिहितो. तिला केवळ शोभेची वस्तू समजणे योग्य नाही, कारण बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी मागे घेताना रिव्हर्स कॅमेऱ्याचा खरा उपयोग होतो. मात्र स्क्रीन असलेला डेक आणि अँड्रॉइड डेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या दुकानदाराचा ७ इंची डेक अँड्रॉइड ऑटो चालवणारा असेल, तर नकाशा, फोन आणि गाणी ही सगळी कामे तुमचाच मोबाइल करतो, डेक फक्त पडद्याचे काम करतो. मोबाइल बदलला की सोयही आपोआप नवी होते. याउलट, ज्याच्यात स्वतःचीच अँड्रॉइड प्रणाली असते, असा स्वस्त डेक पहिल्या दिवशी झगमगतो, पण त्यात पुढे सुधारणा क्वचितच येतात, आणि सेटिंगमध्ये दिसणारी रॅम व आवृत्ती खरी असेलच याची खात्री नसते. जंगलपट्ट्यात नेटवर्क जाते म्हणून अँड्रॉइड ऑटो बिनकामाचे, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. घरी वाय-फायवर परिसराचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला की तो प्रश्न उरत नाही.

संत्रापट्टा (वरुड) यांचे उत्तर

चर्चेत रेडिओ मागे पडला आहे, आणि प्रश्नातली पहिली गरज तर तीच आहे.

आकाशवाणी नागपूरचे मुख्य केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागते. अनेक अँड्रॉइड डेकमध्ये फक्त एफएम असते, किंवा एएम (म्हणजेच मध्यम लहरी) नावापुरते असते. म्हणून खरेदीपूर्वी दुकानातच ५८५ लावून पाहावे. तिथे आणखी एक खोच आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. डेकचा विभाग अमेरिका असा ठेवलेला असेल, तर तो ५८० वरून थेट ५९० वर उडी मारतो आणि ५८५ मधल्या मध्ये राहून जाते. एफएमवरही तसेच होते. अमेरिकी रचनेत दशांशानंतर फक्त विषम अंक येतात, त्यामुळे अकोल्याचे १०२.४ लागत नाही. सेटिंगमध्ये विभाग आशिया किंवा भारत असा करावा. डेक खराब आहे असे समजून तो परत करण्याची घाई करू नये. शिवाय सिगारेट लायटरच्या खाचेत लावलेला हलक्या प्रतीचा मोबाइल चार्जर एएमवर सतत घरघर आणतो, तो काढून पाहावा.

ऊन हा दुसरा मुद्दा. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. डॅशबोर्डच्या बाहेर पाटीसारखी उभी राहणारी ९ इंची स्क्रीन तिथे थेट भाजली जाते, तर डबल डिनच्या खाचेत, म्हणजे १८० × १०० मिलिमीटरच्या चौकटीत आत बसणारा ७ इंची डेक तुलनेने सुरक्षित राहतो. स्पीकर घेताना कोनभोवतीची कड रबराची आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे. फोमची कड उष्णतेने आणि दमटपणाने काही वर्षांत भुगा होऊन गळते.

गाडी गावी अनेक दिवस उभी राहत असेल, तर बॅटरीचाही विचार करावा. चावी काढल्यावर डेक पूर्ण बंद न होता झोपेच्या स्थितीत राहून १०० मिलिअँपिअर ओढत राहिला, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात जवळजवळ अर्धी रिकामी होते. अँड्रॉइड डेक लवकर सुरू व्हावा म्हणून ही स्थिती अनेकदा चालू ठेवलेली असते. ती बंद करता येते.

दारव्हा_मार्ग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडील पुढेच बसतात, त्यामुळे मागचे स्पीकर सध्या रद्द केले आहेत. ७ इंची डेक आणि पुढे कॉम्पोनंट जोडी, असे ठरत आहे. दुकानदाराने ५८५ लावून दाखवले, आवाज स्वच्छ आहे. आता अडचण फिटिंगची आहे. तो म्हणतो की कपलरची काही गरज नाही, तारा कापून पीळ देतो आणि टेप मारतो. तसेच दाराच्या पत्र्याची थरथर रोखणारी शीट लावण्याचे वेगळे पैसे तो मागत आहे. हा खर्च करावा का, आणि काम बरोबर झाले की नाही हे मी कसे ओळखावे?

तारजोडणी

कपलरचा आग्रह सोडू नका. गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारा तयार कपलर मिळतो आणि त्यामुळे कंपनीची एकही तार कापावी लागत नाही. पीळ देऊन मारलेली टेप आपल्या उन्हाळ्यात चिकटपणा सोडते, तारा उघड्या पडतात आणि डॅशबोर्डच्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो.

तारांचे रंग स्वतः माहीत असलेले बरे. बहुतेक डेकमध्ये पिवळी तार बॅटरीची, लाल तार चावीची आणि काळी अर्थिंगची असते. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची व करडी पुढच्या उजव्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती ऋण तार समजावी. स्पीकरची ऋण तार गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू देऊ नये, कारण आजच्या डेकमध्ये ती अर्थिंग नसते आणि चिप जळू शकते. गाडी बंद केल्यावर घड्याळ आणि लावलेली केंद्रे पुसली जात असतील, तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

शीटवर खर्च अवश्य करा. माझ्या मते महागड्या स्पीकरपेक्षाही त्याचा लाभ जास्त होतो. दाराचा पत्रा पातळ असतो, तो कोनसोबत स्वतःही थरथरतो आणि आवाज गढूळ करतो. शीट मात्र ब्युटिल रबराची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली हवी. डांबरी शीट आपल्या मे महिन्यात घसरते. दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी जी भोके असतात ती बुजवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा गंजतो. स्पीकरखाली रिंग लागणार असेल, तर ती प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची घ्यावी, कारण एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल लागली की फुगते. पत्रा झाकण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही, हे पाहून घ्या.

तपासणीची सोपी रीत अशी. जाळी लावण्यापूर्वी, स्पीकर डेकला जोडलेला नसताना, भिंतीवरच्या घड्याळाचा १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले तर कोन बाहेर सरकतो. डावा आणि उजवा दोन्ही एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला, तर दोघांचा खालचा स्वर एकमेकांना मारतो आणि ढोलकी पोकळ वाजते. अशा वेळी लोक स्पीकरला दोष देतात आणि बेसट्यूब (बेससाठीचा वेगळा नळीसारखा स्पीकर) विकत घेतात. हे जमले की डेकच्या सेटिंगमध्ये पुढच्या स्पीकरचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठराविक पातळीखालचे स्वर अडवणारी सोय, ८० हर्ट्झला ठेवावा. जे स्वर ६.५ इंची कोनला पेलवतच नाहीत ते कमी होतात आणि त्याच २० वॅटमध्ये आवाज न फाटता अधिक मोठा करता येतो.

बिलावर डेकचा आणि स्पीकरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आणि कपलरचे पैसे वेगळे लावले असतील तर त्यावरून घासाघीस करू नका.