मेडिक्लेम असूनही लाखाच्या वर खिशातून गेले. ही कपात बरोबर आहे का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आईचा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, आई वॉकर सोडून काठीवर आली आहे. तक्रार डॉक्टरांबद्दल नाही, बिलाबद्दल आहे.

पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. दोन खाटांची खोली रिकामी नव्हती, म्हणून ७,५०० ची सिंगल मिळाली. काउंटरवर सांगितलं, "वरचा फरक तेवढा तुम्हाला भरावा लागेल." चार दिवसांचे दहा हजार जातील, असं धरून आम्ही निश्चिंत. डिस्चार्जच्या दिवशी आकडा आला १,१८,०००!

बिल असं आहे: खोली ३०,०००, सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि व्हिजिट मिळून १,५०,०००, इम्प्लांट ६३,०००, औषधं व कन्झ्युमेबल्स ६०,०००, तपासण्या १८,०००, शिवाय ग्लोव्हज, डायपर वगैरे 'नॉन-पेएबल' (विमा ज्याचे पैसे देत नाही ते) ११,०००. एकूण ३,३२,०००. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) नॉन-पेएबल वगळून उरलेल्या ३,२१,००० मधून सरसकट एक तृतीयांश कापले. कारण लिहिलंय 'प्रोपोर्शनेट डिडक्शन', म्हणजे प्रमाणशीर कपात.

दोन गोष्टी कळत नाहीत. खोली महागाची म्हणून गुडघ्यातल्या इम्प्लांटचे पैसे का कापले? आणि तोच सर्जन, तेच ओटी, तरी जनरल वॉर्डच्या पेशंटला फी कमी आणि आम्हाला जास्त, हे कसं? बाबा वैतागून म्हणाले, पलंगाचं आणि कात्रीचं काय नातं!

टिंबटिंब:

पॉलिसी घेताना रूम लिमिट वाचलं नव्हतं का? एजंट गोड बोलतो आणि आपण सही ठोकतो. असो. आता वाचा.

जुना बिलवाला:

ताई, मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये काढली आहेत. बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आधी त्याचं सांगतो.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांचं दरपत्रक खोलीच्या वर्गावर बेतलेलं असतं. जनरल, ट्विन, सिंगल, डिलक्स, आणि प्रत्येक पायरीला सर्जनची फी, ओटी, भूल, व्हिजिट सगळंच चढतं. व्यवस्थापन म्हणतं, जनरल वॉर्डात आम्हाला परवडत नाही, ते वरच्या खोल्यांतून भरून काढतो. यात थोडं तथ्य आहे, पण पूर्ण नाही. विमा कंपनी याच दरपत्रकाकडे बोट दाखवते: तुम्ही ५,००० च्या खोलीत असता तर फीही कमी लागली असती, म्हणून आम्ही त्या प्रमाणातच, म्हणजे ७,५०० ला ५,००० या हिशेबाने दोन तृतीयांशच देणार.

पण इम्प्लांट काही खोली बघून महाग होत नाही. आयआरडीएआय म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि उपकरणं, तसंच तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, अशा रुग्णालयात तर मुळीच नाही.

तुमचा हिशेब करून बघितला. खोलीतले १०,००० आणि सर्जन-ओटीतले ५०,००० जाणार, त्याला इलाज दिसत नाही. नॉन-पेएबल ११,००० तुमचेच. म्हणजे ७१,०००. बाकीचे ४७,००० (इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांचा तिसरा हिस्सा) परत मागा. पॉलिसीच्या कागदात 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' (ज्या खर्चांवर ही कपात लागते ते) ची व्याख्या शोधा, त्यात हे लिहिलेलं असेल.

अर्ज विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. टीपीएशी वाद घालत बसू नका, तो हमाल आहे. सोबत तपशीलवार बिल आणि सेटलमेंट लेटर जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

मावळतीकर:

वरचं उत्तर उत्तम. पण त्या ६०,००० च्या औषधांकडेही बघा. खरी मेख तिथे असते. रुग्णालय घाऊकमध्ये स्वस्त घेतं आणि छापील एमआरपीने लावतं. एमआरपीने विकणं बेकायदा नाही, आणि ज्या मालावर सरकारी किंमत-मर्यादा नाही त्याची एमआरपी अनेकदा मुळातच फुगवून छापलेली असते. २०१८ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारं सरकारी प्राधिकरण) दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्या पुढे निघाला होता. सिरिंज, कॅन्युला, थ्री-वे अशा बारक्या वस्तूंत हे चालतं, कारण आयव्ही सेटचा भाव कोण विचारतो? याउलट हृदयाच्या स्टेंटवर आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर २०१७ पासून किमतीची मर्यादा आहे. म्हणून तुमचं इम्प्लांट ६३,००० वर थांबलं. त्याआधी याच गोष्टीचे लाख-दीड लाख मोजलेली माणसं आमच्याच नात्यात आहेत.

इम्प्लांटचं स्टिकर डिस्चार्ज फाइलला चिकटवलेलं असतं. त्यावरची कंपनी आणि मॉडेल बिलाशी जुळतं का, ते पाहून घ्या.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ४७,००० चं गणित बाबांना दाखवलं, ते आजच अर्ज लिहायला बसलेत. स्टिकर जुळतंय.

एक शंका. डिस्चार्जच्या वेळी फायनल बिलावर माझी सही घेतली होती, 'बिल मान्य' असं छापलेलं. त्यामुळे अडेल का? आणि पुढच्या वर्षी आईचा डावा गुडघा आहे, त्याआधी रूम लिमिट काढून टाकता येईल का?

जुना बिलवाला:

ती सही रुग्णालयाच्या बिलाला आहे, विमा कंपनीच्या कपातीला नाही. बिनधास्त अर्ज करा. विमा कंपनीच्या 'फुल अँड फायनल' पावतीवर काही सही केली असेल तर मात्र तो कागद आधी इथे टाका, नाव-नंबर झाकून.

लिमिट काढायचं असेल तर नूतनीकरणाच्या आधी विचारा, हप्ता वाढेल. पण वाढीव लाभाला नव्याने वेटिंग (ठराविक काळ दावा न मिळण्याची अट) लावतात का, हे लेखी घ्या. डाव्या गुडघ्याचं दुखणं आता त्यांच्या रेकॉर्डवर आहे.