मदत हवी आहे: व्हिममध्ये पायथनचं इंडेंटेशन फोल्डरनुसार बदलतंय, रंगही मध्येच बिघडतात

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक उबंटू सर्व्हर आहे. विद्यार्थी एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर शिरायची सोय) त्यावर लॉगिन होतात आणि व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये पायथनची प्रात्यक्षिकं करतात. समोरची मशीन जुनी, जड एडिटर त्यावर तग धरत नाहीत. आणि व्हिम मुलांच्या हातात बसला की पुढे कुठल्याही सर्व्हरवर त्यांचं अडणार नाही, म्हणून तो सोडायचाही नाहीये. (मोबाइलवरून लिहितेय, कमांड्स देवनागरीतच टाकल्यात, समजून घ्या.)

सगळ्यांच्या व्हिमआरसीमध्ये (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'सिंटॅक्स ऑन' आणि 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' आहे. सोबत फाइल पाहून इंडेंटेशन ठरवणारं स्लूथ हे प्लगइन टाकलंय, कारण मुलांना बाहेरून घेतलेल्या फाइल्सही उघडाव्या लागतात आणि त्यात इंडेंटेशनला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला, कुठे दोन स्पेस, कुठे चार. त्रास असा:

एक, नवी कोरी फाइल उघडली की एका मुलाकडे चार स्पेस पडतात, शेजारच्याकडे टॅब. व्हिमआरसी दोघांची अक्षरशः सारखी, डिफ काढून पाहिलं. टॅबवाल्याच मुलाने दुसऱ्या फोल्डरात फाइल उघडली तर चार स्पेस नीट येतात! मग एकाचा कोड दुसऱ्याने चिकटवला की पायथन टॅबएरर (टॅब आणि स्पेस मिसळल्याचा एरर) देतो. पहिल्याच आठवड्यात, तर्क बरोबर असताना असा एरर आला की मुलं खचतात. ते बघवत नाही.

दोन, मी दिलेल्या फाइलच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणात मराठीतून मोठी सूचना असते, त्यात नमुन्याचं एक फंक्शनही. सर्च करून खाली उडी मारली की कधीकधी पुढचा सगळा कोड स्ट्रिंगच्या रंगात दिसतो. अजून खाली गेलं की आपोआप ठीक होतो.

तीन, कंस उघडून एंटर मारला की कर्सर चारऐवजी आठ स्पेस आत जातो. हे बरोबर आहे का?

सर्व्हरवर सुडो (सर्वाधिकाराने कमांड चालवायची सोय) मिळू शकतं, सिस्टीम अ‍ॅडमिन सहकार्य करतात. कृपया सांगा.

प्रतिसाद

मॅडम, ज्या मुलाकडे टॅब पडतो त्याच्या मशीनवर, तीच फाइल उघडी असताना, हे टाका: कोलन व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ प्रश्नचिन्ह. मग तसंच एक्सपांडटॅबसाठी. शिफ्टविड्थ म्हणजे एका पातळीला किती जागा, एक्सपांडटॅब म्हणजे टॅबऐवजी स्पेस टाकायचे की नाही. व्हिम किंमत दाखवतो आणि खाली 'लास्ट सेट फ्रॉम' म्हणून ती शेवटची कुणी ठरवली त्या फाइलचं नावही दाखवतो. सेटिंग कुठून आली हे शोधायला याहून सरळ रस्ता नाही. अंदाजाने व्हिमआरसी खरवडत बसू नका.

धागाकर्ती

टाकलं. टॅबवाल्या मुलाकडे स्लूथच्या फाइलचं नाव येतंय. चार स्पेसवाल्याकडे व्हिमच्या स्वतःच्या एफटीप्लगइन (फाइलच्या प्रकारानुसार सेटिंग ठेवणाऱ्या) फोल्डरातल्या पायथनच्या फाइलचं. पण फाइल तर रिकामी आहे, स्लूथ वाचतोय काय?

प्रतिसाद

शेजारच्या फाइल्स! उघडलेल्या फाइलवरून काही ठरवता आलं नाही तर स्लूथ त्याच फोल्डरातल्या आणि वरच्या फोल्डरांतल्या त्याच प्रकारच्या फाइल्स चाळतो. त्या मुलाच्या फोल्डरात टॅब वापरलेली पायथनची फाइल असणार. म्हणूनच फोल्डर बदलला की वागणं बदलतं. ज्याच्याकडे असं काही सापडत नाही त्याच्याकडे पायथनच्या एफटीप्लगइनचे चार स्पेस टिकतात, ते पेप 8 ला, म्हणजे पायथनच्या लेखनशैलीच्या नियमांना, धरून आहेत.

स्लूथ काढू नका, बाहेरच्या फाइल्ससाठी त्याचा उपयोग आहे. फक्त शेजारपाजार बंद करा: 'जी कोलन स्लूथ_नेबर_लिमिट' हे चल शून्य. शिवाय प्रात्यक्षिकांच्या फोल्डरात डॉट एडिटरकॉन्फिग फाइल (कुठल्या फाइलला कसं इंडेंटेशन हे एडिटरला सांगणारी) ठेवा: रूट ट्रू, आणि पायथनच्या फाइल्ससाठी इंडेंट_स्टाइल स्पेस, इंडेंट_साइज 4. स्लूथची नवी आवृत्ती ती वाचते आणि अंदाजापेक्षा तिला मान देते. जुनी असेल तर आधी अपडेट करा.

बिघडलेल्या फाइल्ससाठी कोलन रीटॅब (टॅबचे स्पेस करणारी कमांड) आहे, पण जपून. एक्सपांडटॅब चालू आणि टॅबस्टॉप (एक टॅब किती स्पेसएवढा) बरोबर हवा, नाहीतर पातळ्या सरकतात, आणि पायथनमध्ये पातळी सरकली की अर्थच बदलतो. स्ट्रिंगमधले टॅबही ती कमांड बदलते. आधी 'सेट लिस्ट' करून टॅब कुठे आहेत ते मुलांना डोळ्यांनी पाहू द्या.

दुसरा प्रतिसाद

रंगाचं मी सांगतो. व्हिम वेग राखण्यासाठी दर वेळी पहिल्या ओळीपासून रंगवत नाही. उडी मारली की तो थोडं मागे जाऊन खात्रीची जागा शोधतो, आणि पायथनमध्ये ती जागा म्हणजे अगदी डावीकडून 'डेफ' किंवा 'क्लास'ने सुरू होणारी ओळ. तुमच्या सूचनेतलं नमुन्याचं फंक्शन त्याला खरंच वाटतं. मग सूचनेच्या शेवटची तिहेरी अवतरणं नवी स्ट्रिंग उघडणारी ठरतात आणि पुढचं सगळं त्या रंगात जातं. खालचं खरं फंक्शन वर गेलं की हिशेब पुन्हा जुळतो.

उपाय सोपा: डॉट व्हिममधल्या आफ्टर, त्यातल्या सिंटॅक्स फोल्डरात पायथन डॉट व्हिम फाइल करा आणि एकच ओळ टाका, 'सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट'. प्रात्यक्षिकाएवढ्या फाइलला वेगाचा फरक जाणवणार नाही. किंवा नमुना फंक्शन सूचनेतच चार स्पेस आत सरकवा, तेवढ्यानेही भागेल.

आठ स्पेस हे व्हिमच्या पायथन इंडेंटचं मूळचंच वागणं: कंसानंतर शिफ्टविड्थच्या दुप्पट. फंक्शनचे पॅरामीटर पुढच्या ओळीवर गेले तर ते आणि आतला कोड एकाच पातळीवर येऊन गोंधळ होऊ नये म्हणून. पेप 8 चंही त्या जागेसाठी हेच म्हणणं आहे. मी असतो तर ठेवलं असतं. नकोच असेल तर 'जी कोलन पायइंडेंट_ओपन_पॅरेन'ला अवतरणात 'शिफ्टविड्थ कंस' द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! त्या मुलाच्या फोल्डरात खरंच टॅबवाली जुनी फाइल निघाली. नेबर_लिमिटची ओळ अ‍ॅडमिन सरांकडून ईटीसीमधल्या व्हिम फोल्डरातल्या व्हिमआरसी डॉट लोकलमध्ये घालून घेतली, म्हणजे प्रत्येकाच्या खात्यात शिरायला नको. एडिटरकॉन्फिग आता प्रात्यक्षिकांच्या कोऱ्या फोल्डरासोबतच जाईल. फ्रॉमस्टार्टने रंग जागेवर आले. आठ स्पेस तसेच ठेवतेय, कारण आता मुलांना ते का आहेत हे सांगता येईल.

एकच शंका उरली: ज्यांच्या फाइलमध्ये आधीच टॅब आणि स्पेस मिसळलेत आणि टॅबस्टॉप किती धरला होता तेही आठवत नाही, तिथे रीटॅबआधी टॅबस्टॉप चार धरायचा की आठ?

प्रतिसाद

'सेट नोलिस्ट' करून लिस्ट बंद करा आणि दोन्ही किमती ठेवून बघा. ज्या किमतीला मिसळलेल्या ओळी एकाखाली एक येतात आणि ब्लॉक अर्थाला धरून दिसतात, ती धरा. रीटॅबनंतर प्रोग्रॅम चालवून त्याचं आउटपुट मुलाला स्वतः तपासायला सांगा. एरर गेला एवढ्यावर सोडू नका, एखादी ओळ लूपच्या बाहेर पडली तरी पायथन काही बोलणार नाही.