स्पॅनिश भूतकाळ : 'पिदियो' आणि 'पेर्दियो'चा घोळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या बी१ (मध्यम) पातळीच्या स्पॅनिश वर्गासाठी विचारतोय. गाडी प्रेतेरितोवर, म्हणजे घडून संपलेल्या क्रियेच्या साध्या भूतकाळावर, अडली आहे.

वर्तमानकाळातला स्वरबदल (पेर्देर 'हरवणे'–प्येर्दो, दोर्मीर 'झोपणे'–दुएर्मो) मुलं सरळ भूतकाळात नेतात आणि 'प्येर्दियो', 'दुएर्मियो' लिहितात. खरं तर नियमित -आर, -एर क्रियापदांचा स्वर प्रेतेरितोत हलतच नाही : पेन्सो ('त्याने विचार केला'), पेर्दियो ('त्याने हरवलं'). बदल होतो तो स्वर बदलणाऱ्या -ईर क्रियापदांत, तोही फक्त तृतीय पुरुषात, एचा इ आणि ओचा उ : पेदीर ('मागणे') आणि दोर्मीरची पिदियो, पिदिएरोन, दुर्मियो, दुर्मिएरोन. पेदी, दोर्मी तसेच राहतात. उस्तेदलाही (आदरार्थी 'आपण') तृतीय पुरुषाचंच रूप लागतं, हे तर हमखास विसरतात.

त्यात तुवे, पुदे, कीसे (तेनेर 'जवळ असणे', पोदेर 'शकणे', केरेर 'हवे असणे' यांची) ही वेगळ्या मूळाची रूपं आली की सगळंच मिसळतं. 'दिखेरोन'च्या ('ते म्हणाले') जागी 'दिखिएरोन' येतं. आघातचिन्हही तुवोवर (तुवेचं 'तो'चं रूप) नको असताना चढतं आणि आब्लोवरून ('तो बोलला') गळतं. तिथे 'तो बोलला'चं थेट 'मी बोलतो' होतं, म्हणून ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

सहा रूपांचे तक्ते पाठ करून चाचणीत गुण मिळतात, पण परिच्छेद लिहिताना पुन्हा तेच. माझा कल -ईर गट आधी 'यो–एल' (मी–तो) अशा जोडीनेच घोटून घ्यावा आणि तुवे-पुदेचा गट पंधरा दिवसांनी आणावा, असा आहे. हा क्रम कुणी वापरला आहे का? आणि इम्पेर्फेक्तो (सवयीच्या वा चालू असलेल्या क्रियेचा भूतकाळ) त्याआधी घ्यावा की नंतर? त्याची अनियमित क्रियापदं तीनच, ईर (जाणे), सेर (असणे), वेर (पाहणे), म्हणून आधी घ्यायचा मोह होतो. सराव-परिच्छेद असतील तर जरूर पाठवा.