कॉलेजच्या वार्षिकांकाचे जुने अंक कुठे शोधायचे?

नमस्कार मंडळी, आमचं कॉलेज कोल्हापूरचं, माजी विद्यार्थी मिळून वार्षिकांकाचे सगळे अंक स्कॅन करायचं ठरलंय आणि काम माझ्याकडे आलंय. लायब्ररीत निम्मेच सापडले, सत्तरच्या दशकातले चारच, त्यांनाही कसर लागलीय, पान उलटलं की कोपरा हातात येतो. नंतरचे काही सीडीवर आहेत, पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइली, पण उघडल्या की मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. काय करू? माझ्या आईची पहिली कविता यातल्याच कुठल्यातरी अंकात आलेली, तिच्याकडेही प्रत नाही.

जुनी_पानं: ताई, अंकाचं शेवटचं पान बघा. बऱ्याच अंकात तिथे फॉर्म ४ असतो, मालकी वगैरेचं निवेदन, त्यात मुद्रकाचं नाव-पत्ता सापडतो. छापखाना चालू असेल तर त्यांनी एखादी प्रत जपलेली असू शकते. शिवाजी विद्यापीठाची नियतकालिक स्पर्धा असते, तिथे पाठवलेल्या प्रतींची चौकशी करा. आणि मराठीचे रिटायर झालेले सर-मॅडम, जे विभागीय संपादक होते, त्यांच्या घरी नक्की जा, फोनवर नको, माळ्यावरचं काही फोनवर आठवत नाही कुणाला.

टाइपसेटर: फाइली खराब नाहीत, युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीचे फाँट आहेत, श्रीलिपी नाहीतर आकृती असणार. फाँटचं नेमकं नाव शोधा, तो टाकला की मजकूर दिसेल, मग पीडीएफ करा, कन्व्हर्टरनं युनिकोडही होतं पण जोडाक्षरं फुटतात, प्रूफ वाचावंच लागेल. जुने अंक स्कॅनरच्या काचेवर दाबू नका, शिवण सुटते. अर्धवट उघडून वरून फोटो घ्या. आणि हो, जाहिरातींची पानं सोडू नका हं, गावातली कुठली दुकानं तेव्हा होती ते त्यातच कळतं!

सदाशिवपेठी: आमच्या पुण्याच्या एसपी कॉलेजच्या 'परशुरामीय' या वार्षिकांकात मी लिहायचो, त्यामुळे राहवलं नाही. ही परंपरा फार जुनी आहे, १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली, दादाभाई नौरोजी त्यात होते, तिच्या मराठी शाखेतून १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघायला लागलं. एक मात्र सांभाळा, लेखावर हक्क लिहिणाऱ्याचा असतो, मृत्यूनंतरही ६० वर्षं, तेव्हा आख्खे अंक नेटवर टाकायच्या आधी परवानगी घ्या. तोवर नुसती सूची टाका, वर्ष, लेखक, शीर्षक. ती बघून लोक स्वतःहून फोन करतील.

मूळ पोस्ट लिहिणारी: सगळ्यांचे मनापासून आभार, सूचीचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता १९७८ चा अंक काढून बघितला, फॉर्म ४ आहे! छापखाना शाहूपुरीतला निघाला, उद्या सकाळी आईला घेऊनच जाते.