मल्टी-टच जेश्चर: निकाल एका पंचाने द्यावा की प्रत्येक विजेटने आपलं आपण बघावं?

गिरगावकर:
मंडळी, एका प्रदर्शनासाठी मोठं टच-टेबल बनवायचं काम आमच्याकडे आहे. टेबलावर मुंबईचा नकाशा. आजच्या शहरावर जुन्या सात बेटांचा थर. दोन बोटांनी तो लहान-मोठा करायचा, फिरवायचा. माझगाव, परळ, वरळीवर टॅप केलं की माहितीचं कार्ड उघडतं आणि ते कार्डही सरकवता येतं. रचनेवरून टीममध्ये दोन तट पडलेत. माझं मत ठाम आहे, ते इथे मांडतो.

कच्चे टच इव्हेंट (बोट टेकलं, सरकलं, उचललं या नोंदी) कुठल्याही विजेटच्या, म्हणजे नकाशा किंवा कार्डासारख्या पडद्यावरच्या घटकाच्या, हातात पडूच नयेत. टॅप, पॅन (बोटाने सरकवणं), लाँग-प्रेस (बोट दाबून धरणं) ओळखणारे रेकग्नायझर फक्त दावा करतील आणि निकाल मधला एक पंच देईल. एकाचा दावा मान्य झाला की बाकीच्यांना ‘रद्द’ कळवायचं. कारण साधं आहे. या सगळ्या जेश्चरची सुरुवात सारखीच, बोट टेकलं एवढीच. पुढे काय होणार ते त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं. फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये ‘जेश्चर अरेना’ नेमकं हेच करतो. २०१० साली आयपॅडसोबत आयओएस ३.२ मध्ये आलेल्या जेश्चर रेकग्नायझरमध्येही ‘डबल-टॅप फसला तरच सिंगल-टॅप’ असं नातं उघड लिहून ठेवता येतं. याउलट अँड्रॉइडच्या जुन्या व्ह्यू-पद्धतीत (व्ह्यू म्हणजे पडद्यावरचा एकेक चौकोन, एकात एक ठेवलेला) बाप व्ह्यू मुलाचे टच मधेच हिसकावतो आणि मूल त्याला ‘हिसकावू नको’ म्हणून सांगतं. स्क्रोलच्या आत स्क्रोल ठेवलेल्या प्रत्येकाने ही मारामारी पाहिली आहे.

पार्ल्याचा प्रोग्रामर:
पूर्ण असहमत. पंच आला की वाट बघणं आलं. मोबाइल ब्राउझरमध्ये प्रत्येक टॅपला सुमारे ३०० मिलिसेकंद उशीर व्हायचा तो याचमुळे: डबल-टॅपने झूम होईल की काय, म्हणून थांबायचं. २०१४ मध्ये क्रोम ३२ ने मोबाइलसाठी बनवलेल्या पानांपुरता तो काढला, तेव्हा वेबवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तुम्ही तेच परत आणताय.

दुसरं, पिंच (दोन बोटांनी लहान-मोठं करणं), रोटेट आणि पॅन हे प्रतिस्पर्धी नाहीतच! दोन बोटांच्या जागांमधून चार आकडे एकदम मिळतात: आडवं सरकणं, उभं सरकणं, आकार आणि कोन. ते एकाच गणितात लावले की नकाशा बोटांना चिकटल्यासारखा चालतो. तिथे पंच बसवून ‘आता फक्त झूम’ असा निकाल दिलात तर नकाशा अडकल्यासारखा वाटणार. प्रत्येक विजेटला स्वतःचं छोटं स्टेट मशीन द्या, म्हणजे आपण कुठल्या अवस्थेत आहोत आणि पुढे काय करायचं ते त्याचं तोच ठरवेल; बोट कशावर टेकलं ते हिट-टेस्टने ठरवा. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

गिरगावकर:
चार आकड्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तिघांचा मिळून एकच ‘रूपांतर’ रेकग्नायझर करतो. फक्त कोनाला उंबरठा ठेवीन, ठरावीक कोनापेक्षा जास्त वळलं तरच फिरवायचं, नाहीतर झूम करताना नकाशा उगाच तिरका होतो.

उशिराचं मात्र पटत नाही. तो पंचामुळे येत नाही, डबल-टॅप ठेवल्यामुळे येतो. कार्डावर डबल-टॅप नसेल तर टॅपला थांबायचं कारणच उरत नाही, दावेदार एकटाच असतो. आणि निकाल लागेपर्यंत स्क्रीन निपचित कशाला ठेवायची? बोट टेकताच कार्ड उजळवा. ते परत फिरवता येतं. जे परत फिरवता येत नाही तेवढंच निकालानंतर करा.

मुलुंडची मीरा:
तुम्ही दोघंही मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून भांडताय, काम टेबलाचं आहे. दोन मुलं दोन टोकांना उभी आहेत. एकाने कुलाब्यावर बोट ठेवलं, दुसऱ्याने माहीमवर, आणि दोघंही आपापल्या बाजूला ओढताहेत. नकाशा ही एकच वस्तू, म्हणजे हिट-टेस्टचा उपयोग शून्य. रूपांतर रेकग्नायझरला दोन बोटं दिसणार आणि तो झूम करणार, पंचही खुशाल मान्यता देणार कारण दुसरा दावेदारच नाही. पोरांना कळणारच नाही की नकाशा वेड्यासारखा का फुगतोय.

कोणतं बोट कोणाचं, हे साधा कपॅसिटिव्ह पडदा (मोबाइलसारखा, बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारा) सांगत नाही. मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेने २००१ मध्ये मांडलेलं डायमंडटच टेबल हे ओळखायचं, कारण सिग्नल माणसाच्या शरीरातून त्याच्या खुर्चीपर्यंत जायचा. तुमच्याकडे ती सोय नाही. म्हणून रेकग्नायझरच्या खाली आणखी एक थर हवा: बोटांचे गट पाडणारा. जवळजवळ एकाच वेळी आणि हाताच्या वितीएवढ्या अंतरात टेकलेली बोटं एका गटात. अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, पिक्सेलमध्ये नको, नाहीतर पडदा बदलला की सगळं कोसळेल.

गिरगावकर:
मीराताई, हा थर आमच्या आराखड्यात नव्हता आणि तो पंचाच्या आधीच बसायला हवा. पण नुसतं अंतर पुरणार नाही. एकच मूल दोन्ही हात पसरून नकाशा ताणेल तेव्हा ते दोन गट होतील. मला वाटतं नकाशा पहिल्या गटाच्या नावे लॉक करावा. तो गट हात उचलेपर्यंत बाकीच्यांना फक्त कार्डं हाताळता येतील.

पार्ल्याचा प्रोग्रामर:
लॉक? सहलीला आलेल्या पोराने बोट ठेवलं आणि काहीच हललं नाही, तर त्याच्या लेखी टेबल बंद पडलंय. ते दोन्ही तळहातांनी काच बडवणार. मग तुमचा गट पाडणारा थर काय करणार?

लोअर परळ टेस्टर:
मी टेस्टिंगच्या बाजूने बोलतो. जेश्चरचे निम्मे बग बोट टेकताना नाही, उचलताना येतात. एक बोट ४०० वर, दुसरं ८०० वर, मधला बिंदू ६००. त्या बिंदूला धरून नकाशा सरकवताय. आता उजवं बोट उचललं. मधला बिंदू एका फ्रेममध्ये ४०० वर आला, नकाशाने २०० पिक्सेलची उडी मारली. दोन्ही बोटं अगदी एकाच क्षणी कोणीच उचलत नाही, त्यामुळे प्रत्येक झूमच्या शेवटी हा झटका बसतो. बोटांची संख्या बदलली की आधार नव्याने घ्यायचा, एवढाच उपाय, पण तो एका ठिकाणी लिहिलेला हवा. अँड्रॉइडवर भर म्हणजे पहिलं बोट उचललं की दुसऱ्याचा इंडेक्स (यादीतला क्रमांक) ० होतो, आयडी (त्या बोटाची ओळख) मात्र तोच राहतो. इंडेक्स धरून लिहिलेला कोड इथे हमखास फसतो.

म्हणून माझं मत पंचाच्या बाजूने, पण कारण वेगळं. इव्हेंट एकाच दारातून आत येत असतील तर तिथे वेळ, आयडी, जागा आणि टप्पा फाइलमध्ये उतरवता येतो आणि तीच फाइल टेस्टमध्ये परत चालवता येते. घड्याळही बाहेरून द्या, म्हणजे ५०० मिलिसेकंदांच्या लाँग-प्रेससाठी टेस्टला खरोखर थांबावं लागत नाही. प्रदर्शनात पोरांनी केलेला गोंधळ दुसऱ्या दिवशी ऑफिसात जसाच्या तसा उभा करता येतो. याची किंमत बग पकडायला बसलेल्या माणसाला विचारा.

पार्ल्याचा प्रोग्रामर:
नोंद करायला एक दार हवं, मान्य. पण नोंद करणारा आणि निकाल देणारा एकच असायची गरज नाही. माझी स्टेट मशीनसुद्धा शुद्ध फंक्शन म्हणून लिहिता येतात: इव्हेंट आत, नवी अवस्था बाहेर. ‘कोणापुढे कोण’ हे सगळं पंचात कोंबलंत की वर्षभराने त्या फाइलला हात लावायला कोणी धजावणार नाही.

वसईकर:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ज्यांना दोन बोटं वापरता येत नाहीत त्यांचं काय? २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वेब अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत, अगदी ‘ए’ या पायाभूत पातळीवर, अट आहे की दोन बोटांचं जेश्चर अत्यावश्यक नसेल तर तेच काम एका बोटाने, साध्या टॅपने करता आलं पाहिजे. म्हणजे अधिक-उणेची बटणं हवीतच. याचा रचनेवर थेट परिणाम होतो. जेश्चरने नकाशाला हात लावू नये, ‘मोठा कर’, ‘फिरव’ अशी आज्ञा द्यावी आणि बटणानेही तीच आज्ञा द्यावी. शिवाय प्रदर्शन जुलैत असेल तर लोक ओल्या बाह्या आणि गळत्या छत्र्या घेऊनच आत येणार. काचेवरचा पाण्याचा थेंब कधी बोट म्हणून नोंदला जातो, कधी खरं बोट हरवतो. अशा वेळी मोठं बटण तग धरतं, पिंच धरत नाही.

मुलुंडची मीरा:
वसईकरांना +१. आज्ञांचा थर असेल तर लॉकवरही तोडगा निघतो. दुसऱ्या गटाने नकाशावर बोट ठेवलं की त्याच्यासमोर नकाशाचं एक वेगळं गोल भिंग उघडायचं. त्याच्या आज्ञा भिंगाला, पहिल्या गटाच्या मूळ नकाशाला. कोणाचंही बोट वाया जात नाही. तळहाताचं म्हणाल तर पडदा स्पर्शाचा आकार देत असेल तेव्हा मोठे डाग गट पाडण्याआधीच गाळून टाका.

गिरगावकर:
भिंग आवडलं. लॉक काढून टाकतो. पंच मात्र राहणार, कारण भिंगाच्या कडेवर टेकलेलं बोट भिंग ओढतंय की खालचा नकाशा, हे कोणीतरी ठरवायलाच हवं.

पार्ल्याचा प्रोग्रामर:
ते हिट-टेस्ट ठरवेल. भिंग वर आहे, बोट भिंगाचं. कडेची पट्टी बोटाएवढी जाड ठेवा आणि आधी पंचाशिवाय करून बघा. त्यातूनही भांडण उरलं तर त्याची नोंद झालेली फाइल इथे टाका, मी स्वतः बसून बघतो.