'क्लॉकचं आउटपुट वाढवणे': म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

मंद्रसप्तक
मॉड्युलर सिंथेसायझरच्या, म्हणजे सुटी यंत्रं (मॉड्यूल) तारांनी जोडून बनणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या कार्यशाळेसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. येणारे बहुतेक जण पेटी-तबला शिकलेले. पॅच केबल (मॉड्यूल जोडायची तार) पहिल्यांदाच हातात धरणार. एका वाक्यावर अडले आहे. क्लॉक म्हणजे ठरावीक अंतराने विजेचे ठोके देणारं मॉड्यूल; सिक्वेन्सर त्यावर स्वर ओळीने वाजवतो, एन्व्हलप आवाजाचा चढउतार ठरवतो. मी लिहिलं होतं: "क्लॉक मॉड्यूलला एकच आउटपुट असेल आणि सिक्वेन्सर, एन्व्हलप, ड्रम असं सगळंच त्यावर चालवायचं असेल, तर क्लॉकचं आउटपुट वाढवावं." तबला शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे लय वाढवायची ना?" साउंडची कामं घेणाऱ्या भावाने वाचलं, तर त्याने व्होल्टेज वाढवायचं असा अर्थ घेतला. मला म्हणायचंय की तोच ठोका एकाऐवजी पाच ठिकाणी पोचवायचा. 'वाढवणे' सोडून काय लिहू? आणि 'सिंक' (यंत्रं एकमेकांशी जुळवून चालवणं) तसाच ठेवावा का?

पाटकरी
ताई, फाटे काढा. कालव्याची वितरिका, वितरिकेची चारी, चारीची पोटचारी. आमच्या भागात 'इथून फाटा काढलाय' म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं. त्यात वेग वाढल्याचा अर्थ शिरायला जागाच नाही.

तारजोड
फाटा शब्द छान आहे, पण त्यात पाणी वाटलं जातं. पाच चाऱ्या काढल्या की प्रत्येकीला कमी मिळतं. क्लॉकचं तसं होत नाही, किंवा झालं तरी बिघडत नाही. हिशेब करा. देणाऱ्या जॅकचा आउटपुट रेझिस्टन्स १ किलोओहम आणि घेणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलचा इनपुट १०० किलोओहम धरा. युरोरॅकमध्ये (मॉड्युलरच्या प्रचलित मापात) हे आकडे नेहमी भेटतात. साध्या, म्हणजे पॅसिव्ह मल्टिपलमधून (एक तार घेऊन अनेक देणाऱ्या जोडणीतून) पाच मॉड्यूल जोडले की मिळून भार २० किलोओहम होतो आणि ५ व्होल्टचा ठोका साधारण ४.७६ व्होल्टवर येतो. घेणाऱ्याला 'आला की नाही' एवढंच बघायचं असतं, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. हेच पिचच्या व्होल्टेजला केलंत तर मात्र सूर जातो. एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने १ व्होल्टचे ०.९५ झाले की सुमारे ५७ सेंट (१०० सेंटचा एक सेमीटोन), म्हणजे अर्ध्या सेमीटोनहून जास्त उतरलात. तिथे व्होल्टेज पडू न देणारा, म्हणजे बफर्ड मल्टिपल हवाच.
म्हणून माझं मत: 'क्लॉकच्या प्रती काढाव्यात'. प्रत काढली म्हणून मूळ कमी होत नाही.
एक गोष्ट टिपणात ठळक लिहा. साध्या मल्टिपलमध्ये एक आउटपुट आणि अनेक इनपुट चालतात. दोन आउटपुट एकमेकांना जोडायचे नाहीत.

यास्क
प्रत, फाटा ही तात्पुरती सोय झाली. परिभाषा घडवताना शब्दातून पुढचे शब्द निघाले पाहिजेत. आउटपुटला 'निर्गम', इनपुटला 'आगम', क्लॉकला 'स्पंदक', सिंक्रोनायझेशनला 'तुल्यकालन', जादा आउटपुट देणाऱ्या एक्सपांडरला 'विस्तारक'. 'स्पंद-निर्गम-विस्तारक' म्हटलं की लय, व्होल्टेज असा कुठलाच घोटाळा उरत नाही. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हा तोही कानाला परकाच होता. आज तो शब्द जड वाटतो का?

ठाणे_फास्ट
महापौर रुजला कारण तो रोज वर्तमानपत्रात आला. 'स्पंद-निर्गम-विस्तारक' कुठे येणार? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, स्टेजवर, स्टुडिओत सगळीकडे 'आउट' आणि 'इन' हेच चालतं. "क्लॉक आउट कमी पडतायत, मल्ट (मल्टिपल) लावा" हे मराठी वाक्य आहे. क्रियापद मराठी, प्रत्यय मराठी. शब्द कुठून आला यावर मराठीपण ठरत नाही.
शिवाय यास्क, एक्सपांडर आणि मल्टिपल या वेगळ्या वस्तू आहेत. मल्टिपल हातातल्या ठोक्याच्या प्रती काढतो. एक्सपांडर मूळ मॉड्यूलला मागून रिबन केबलने जोडतात आणि मूळ मॉड्यूलच्या आतलं जे बाहेर आलेलं नव्हतं ते तो बाहेर काढतो, ठोक्यांचे वेगळे भागाकारसुद्धा. दोघांना 'विस्तारक' म्हटलं की घोटाळा कायम.

धुमाळी
क्लॉकला 'लेहरा' का म्हणत नाही? एकल तबलावादनात लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरणारी धून, धरलेला असतो, त्याच्यावर कायदे, रेले, तुकडे चालतात. आवर्तन कोण सांभाळतं? लेहरा. तुमच्या तबलेवाल्या मैत्रिणीला एका शब्दात कळेल. ठोके भागणारा क्लॉक डिव्हायडर म्हणजे ठाय, ठोके पटीने वाढवणारा मल्टिप्लायर म्हणजे दुगुन-चौगुन. सगळं घरात आहे.

मंद्रसप्तक
धुमाळी, दुगुन-चौगुन घेते, ते फार उपयोगी आहे. पण लेहरा धरणारा माणूस तबलजीकडे बघत असतो. तबलजी रंगात येऊन जरा पुढे सरकला तर तोही सरकतो. क्लॉक कोणाचंही ऐकत नाही. तो फक्त देतो. हा फरक शिकवायलाच तर कार्यशाळा आहे. तालमालेवर (तबल्याचे ठेके वाजवणाऱ्या यंत्रावर) रियाज करणाऱ्याला तो फरक माहीत असतो.

यास्क
मग 'घड्याळ' तरी म्हणा.

ठाणे_फास्ट
घड्याळ म्हटलं की लोक मनगट बघतील.

घटिकापात्र
घड्याळाला इतक्या लवकर सोडू नका. घड्याळ किंवा घडियाळ म्हणजे मुळात काटे-तबकडीचं यंत्र नव्हे. घटिका भरली की बडवायची काशाची थाळी, ती घडियाळ. इंग्रजी 'क्लॉक'सुद्धा मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'क्लोका'वरून, म्हणजे घंटेवरून आला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी टोला आहे, वेळ दाखवणं नाही. मॉड्युलरमधला क्लॉक तेच करतो: किती वाजले सांगत नाही, नुसते टोले देतो. मला हा शब्द अगदी चपखल वाटतो.
आणखी पुढे जातो. घटिका २४ मिनिटांची. मिडी (वाद्ययंत्रं जोडायची प्रमाण पद्धत) क्लॉक एका मात्रेला २४ ठोके देतो. दोन घटिकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि कॉर्गच्या काही जुन्या यंत्रांत मात्रेला ४८ ठोके! हे आकडे सहज आलेले वाटत नाहीत.

तारजोड
व्युत्पत्ती पटली, आकडे नाही पटले. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ यांनी भाग जातो, म्हणून तो निवडतात. सरळ लय आणि तिस्र (तिनाची) दोन्ही पूर्णांकात बसतात. साठ घटिकांचा दिवस का, तर त्याचंही कारण भागाकारच. एकाच गरजेतून दोघे एकाच आकड्याला पोचले.
टिपणात मात्र हे आकडे हवेतच. युरोरॅकमधले बरेच सिक्वेन्सर मात्रेला ४ ठोके धरतात. त्यांना २४ चा क्लॉक थेट दिला तर सहापट पळतात. कॉर्गच्या व्होल्का यंत्रांचा सिंक मात्रेला २. म्हणजे जॅक जुळला म्हणून ठोका जुळला असं नाही. मध्ये भागणारा लागतो. डोप्फर कंपनीचा ए-१६० हा डिव्हायडर दोनापासून चौसष्टपर्यंत दुपटीदुपटीने भागतो, पण २४ चे ४ करायला ६ ने भागणारा हवा. त्यात तो कामाचा नाही.

धुमाळी
आता सिंकबद्दल. क्लॉक म्हणजे मात्रा, सिंक म्हणजे सम. दोन यंत्रं एकाच लयीत असूनही एकाची सम दुसऱ्याच्या पाचव्या मात्रेवर पडू शकते. लय जुळली तरी मैफल जुळली नाही. सिंक करणे = समेवर आणणे. तुल्यकालनाची गरजच काय?

तारजोड
हे फार बरोबर आहे, आणि यंत्रातही तसंच आहे. रोलँडच्या जुन्या पाच पिनांच्या सिंकमध्ये दोन वेगळ्या तारा आहेत: एकीवर ठोके, दुसरीवर चालू-बंद. ठोक्यांच्या प्रती काढल्या आणि दुसरी तार विसरलात तर सगळे एका वेगाने, पण आपापल्या जागेवरून चालतात. युरोरॅकमध्ये ते काम रीसेटचं, म्हणजे सगळ्यांना पहिल्या पायरीवर आणणाऱ्या ठोक्याचं. म्हणून क्लॉकचे पाच फाटे काढलेत तर रीसेटचेही पाच काढा. माझ्या मते रीसेट म्हणजे सम; सिंक म्हणजे मात्रा आणि सम दोन्ही.

यास्क
सम आवर्तनातून एकदा येते. सिंक प्रत्येक ठोक्याला लागतो. 'समेवर आणणे' अपुरं आहे. तुल्यकालन दोन्ही सांभाळतं.

ठाणे_फास्ट
पाच पिनांवरून आठवलं. १९८२ मध्ये मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन रागांची रेकॉर्ड केली, मिडी यायच्या आदल्या वर्षी. ८०८ आणि ३०३ दोघांनाही तोच पाच पिनांचा जॅक आहे. आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच मूग कंपनीचा मॉड्युलर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला. म्हणजे मॉड्युलर आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुना आहे. त्यावर काम केलेल्या गुजराती, मराठी, हिंदी बोलणाऱ्या माणसांनी तारा जोडताना काहीतरी शब्द वापरलेच असतील. नवे घडवण्याआधी ते शोधायला हवेत.

पाटकरी
ते शोधाच. पण सिंक शब्दाला माझी हरकत आहे. घरी 'सिंक तुंबलं' म्हणतो तो भांडी घासायचा. 'ड्रम सिंकमध्ये नाही' वाचून माझी आई काय समजेल?

ठाणे_फास्ट
एडिटिंग टेबलवर 'सिंक गेला' सर्रास म्हणतात, तिथे कोणाला भांडी आठवत नाहीत. स्वयंपाकघरातलं *ते* सिंक, आपला *तो* सिंक. लिंगाने अर्थ वेगळा झाला. भाषेने स्वतःच सोडवलंय.

मंद्रसप्तक
थांबा, मग क्लॉक तो की ते? मी वर 'क्लॉक कोणाचंही ऐकत नाही. तो फक्त देतो' असं लिहिलंय. छापायला द्यायच्या आधी हेही ठरवायला हवं. आणि 'फाटे' की 'प्रती' यावर अजून एकमत दिसत नाही.

घटिकापात्र
घड्याळ नपुंसकलिंगी, म्हणून क्लॉक ते.

धुमाळी
ठोका पुल्लिंगी, म्हणून तो. ठोक्याचीच इतर नावं बघा. ट्रिगर (क्षणिक ठोका) तो, गेट (धरून ठेवलेला ठोका) ते, पल्स ती: 'पल्स मिळाली', 'पल्स चुकली'.

यास्क
गेट 'ते' कशावरून? दरवाजा तर पुल्लिंगी आहे.