बीट नाही म्हणून हिप-हॉप नाही?

'याला बीटच नाही, मग हिप-हॉप कसलं?' असा शेरा एका अल्बमवर कुणीतरी मारलेला वाचला आणि राहवलं नाही. क्लिपिंग या अमेरिकन हिप-हॉप गटाचा २०१६चा 'स्प्लेंडर अँड मिझरी' हा तो अल्बम मी पहिल्यांदा हार्बर लाइनवर, कुर्ल्याहून वाशीला जाताना ऐकला. डोक्यावर खडखडणारा पंखा आणि हेडफोनमधली यंत्रांची घरघर, कुठली कुठून येतेय तेच कळेना. ती घरघरच इथला ठेका आहे हो! गोष्ट अशी: गुलामांना नेणाऱ्या अंतराळयानात बंड होतं, एकच जण वाचतो आणि यानाचा संगणक त्याच्या प्रेमात पडतो. 'ऑल ब्लॅक' या गाण्यात हे सगळं तो संगणकच सांगतो. ड्रम जवळजवळ नाहीत, पण गटाचा रॅपर डावीड डिग्जचा प्रत्येक शब्द तालात पडतो. 'मी अमुक, मी तमुक' हा रॅपचा कणा, आणि हा गट 'मी' टाळूनच लिहितो. केवढी हिंमत!

मध्येच वाद्यांशिवायची समूहगीतं येतात, गुलामांच्या श्रमगीतांच्या वळणाची. मला तर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिथे तरी वेगळा ढोल कुठे होता? जात्याची घरघर होती. जेमतेम सदतीस मिनिटांचा अल्बम आहे. गाणी सुटी सुटी नको, सलग ऐका, रात्री.